अर्ध्या पदांची माळ

गाण्यातलं मला कळतं, असं मी कधी म्हटलेलं नाही. वाचनालयातल्या पुस्तकांना नंबर चिकटवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि संगीताबद्दल जे कळलं ते त्याच पुस्तकांतून. म्हणजे फारसं नाहीच. तरी धीर करून एक गोष्ट लिहितो. एक पुरं पद ऐकण्यापेक्षा चार-पाच पदांचे तुकडे एकमेकांत ओवलेले ऐकायला मला जास्त आवडतात. वाचनालयात संध्याकाळी जमणारी वकील मंडळी याला खिचडी म्हणतात. असेल. खिचडीही मला आवडते.

पदाचं सगळं सुख पहिल्या दोन-चार ओळींत असतं. पुढे गवई तेच सुख उकरून उकरून पाहतो आणि आपण त्याच्याकडे बघून मान हलवत राहतो, कारण शेजारचाही हलवत असतो. माळेत असा छळ नाही. एक पद ओळखू येतंय तोवर दुसरं दारात उभं. आणि सांध्यावर, एकाचा शेवटचा सूर दुसऱ्याचा पहिला होतो त्या क्षणी, अंधारात जिना उतरताना पायरी संपली असं वाटावं आणि अजून एक निघावी, तसा पोटात गोळा येतो. मला तो गोळा फार आवडतो. दुसऱ्या कुणाला येतो की नाही, विचारायचं धाडस झालेलं नाही.

माझी पुतणी प्रभा असल्या माळा फार सुरेख गुंफायची. त्याचं श्रेय आमच्या घरासमोरच्या धुळाप्पाच्या हॉटेलाला. धुळाप्पा दुधनीकडचा, कानडी बोलणारा. चहा कडक आणि फोनो जिवापलीकडे. नाटकातली मोठी पदं तबकडीच्या एका बाजूला मावत नाहीत, म्हणून अर्धं पद एकीकडे आणि उरलेलं मागच्या बाजूला असतं. धुळाप्पा मागची बाजू कधी लावत नसे. मी एकदा सज्ज्यातून त्याला विचारलं.

"ही बाजू झिजू दे की, काका," तो खालून ओरडला. "मग ती हायच. घरात दोन बैल हायत म्हणून दोन्ही एकदमच दमवायचे व्हय?"

त्याला आपल्या म्हणण्याची इतकी खात्री होती की मी माफी मागून आत गेलो.

अशा रीतीने प्रभाला सोलापुरात येणारी झाडून सगळी पदं येत, पण निम्मी. आता मुलगी पाहायला आलेली माणसं "एखादं पद म्हणा" म्हणतातच. प्रभा झोकात सुरुवात करी आणि मध्येच थांबे. पहिल्या पाहुण्यांना वाटलं, मुलगी विसराळू आहे. दुसऱ्यांनी दम्याची चौकशी केली.

तिसरं स्थळ आलं ते वेळापूरकरांचं. मुलगा एकनाथ, इथेच म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. बायको शिकलेली त्याला चालते, असं कानावर आलं होतं. प्रभाला मास्तरीण व्हायचं होतं आणि ट्रेनिंगचं एक वर्ष राहिलं होतं.

"काका, हे स्थळ गेलं तर पुढचं बार्शीच्या अडत्याचं आहे," ती मला म्हणाली. "त्यांना मुलगी लगेच घरात हवीय. मग ट्रेनिंगचं नाव काढायला नको."

मथुरावहिनी म्हणजे तिची आई कणीक मळता मळता म्हणाली, "भावोजी, एवढी पुस्तकं वाचलीत, एखादं पद शेवटपर्यंत शिकवा की तिला!"

मला तर अर्धंही येत नव्हतं. मी चाचरत म्हटलं, "शेवटपर्यंत जायचंच कशाला? अर्ध्यावर आलं की न थांबता दुसऱ्यात शिरावं. ते संपलं की तिसऱ्यात."

"पाहुणे वेडे आहेत का?"

"गाणं ऐकताना पुष्कळजण असतात," मी म्हटलं आणि लगेच वाटलं, उगाच बोललो.

पाहुणे तिघं आले. मुलाचे वडील तालुक्याच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मुलांच्या दप्तरात लावण्यांचं चोपडं सापडलं तर छडी मोडेपर्यंत मारणारे म्हणून प्रसिद्ध. त्यांच्याबरोबर त्यांची बहीण बनाबाई. त्यांनी जिना चढतानाच सांगून टाकलं की त्यांना गाण्यातलं कळतं. एकनाथ सतरंजीच्या किनारीकडे पाहत बसला.

मुलीनं वाचून दाखवायचं, भरतकाम दाखवायचं, चालून दाखवायचं, असा सगळा रिवाज पुढे होता, पण बनाबाई म्हणाल्या, "आधी गाणं."

प्रभानं रुसलेल्या नायिकेचं एक पद धरलं. नायिका पुरती रुसते तोवर धुळाप्पाची बाजू संपते, तिथे प्रभा जराही न थबकता तलवार उपसलेल्या राजपुत्राच्या पदात शिरली. राजपुत्र रंगात आला आणि गिरणीचा भोंगा झाला. मला दरदरून घाम फुटला. प्रभानं भोंग्याचाच सूर पकडला, तो थांबेपर्यंत धरून ठेवला आणि त्यातून एक अभंग उचलला. इतका चांगला सांधा मी जन्मात ऐकला नव्हता. वेळापूरकरांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांचे हात जोडलेले असतानाच अभंग अर्धा झाला आणि त्यातून लावणी निघाली.

स्वयंपाकघरात वहिनीच्या हातून परात पडली.

प्रभा थांबली. मग बनाबाईंनी पदर सावरला.

"पहिलं पद अर्धंच टाकलंन. आज पद अर्धं टाकणारी मुलगी उद्या भाजी अर्धी चिरून उठेल."

प्रभाचा चेहरा उतरला. सल्ला माझा होता. मला जमिनीत जावंसं वाटलं. तेवढ्यात वेळापूरकर डोळे मिटूनच म्हणाले, "वन्समोअर!"

त्यांचं त्यांनाच दचकायला झालं.

"कशाला वन्समोअर, दादा?" बनाबाईंनी विचारलं.

"ते आपलं... अभंगाच्या पुढचं."

"अभंगाच्या पुढचं म्हणजे कोणतं?"

"नाव नाही लक्षात. सूर बरा होता."

"मला पहिल्याचं पुढचं अर्धं ऐकायचंय. म्हण गं."

"ते मला येत नाही," प्रभानं खरं सांगून टाकलं. "धुळाप्पा ती बाजू लावत नाही."

"अगं, एवढ्यानं काय अडलंय? मी सांगते," म्हणून बनाबाईंनी सुरुवात केली. आवाज खरोखर चांगला होता. दोन ओळी झाल्या आणि तिसरीला शब्द सुटला. पण गाण्यातलं कळणाऱ्या बाईला थांबता येत नाही. त्या तशाच पुढे गेल्या आणि भलत्याच नाटकातल्या भलत्याच पदात पोचल्या. प्रभानं ते ओळखलं आणि त्यांच्या आवाजात आवाज मिळवला. त्याचं निम्मं झाल्यावर तिनं तिसरं काढलं, बनाबाईंनी चौथं.

मग कुणाचंच काही चालेना. वेळापूरकर गुडघ्यावर ताल धरून दर सांध्याला "आता ते?" म्हणून विचारत होते आणि बनाबाई "थांब रे!" म्हणून त्यांना गप्प करत होत्या. शेवटी लावणी एकदा आलीच. हेडमास्तरांनी ती पूर्ण गंभीरपणे ऐकली आणि पुन्हा एकदा मागितली. शेजारची मंडळी जिन्यात उभी राहिली. धुळाप्पानं आपला फोनो बंद केला. एकनाथ सतरंजी सोडून वर पाहत होता, पण तोही छताकडे. ताल चुकू नये म्हणून असेल.

"मोटार!" वेळापूरकर एकदम ओरडले. "वेळापूरची मोटार चुकेल!"

जोडे, पागोटं, बनाबाईंची पिशवी. एका मिनिटात घर रिकामं झालं. पोहे तसेच राहिले.

प्रभा पाटावर बसून होती. "काका, ते काही बोललेच नाहीत."

काही न बोलता उठून जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. वहिनी माझ्याकडे न बघता पोह्यांच्या बशा उचलू लागली. जन्मभर कुणाला सल्ला दिला नव्हता, तो एक दिला आणि पोरीचं ट्रेनिंग घालवलं, असं मला वाटत होतं. तिची समजूत घालायला पुस्तकातलं एकही वाक्य उपयोगाचं सापडलं नाही.

तेव्हा जिन्यात पावलं वाजली. तिघंही परत दारात.

"माफ करा," वेळापूरकर धापा टाकत म्हणाले. "मोटारीत बसता बसता मनात आलं, घरी मंडळी विचारतील, मुलगी कशी आहे. मी म्हटलं, ठेंगणी आहे. ही म्हणते, उंच आहे."

"उंचच आहे," बनाबाई म्हणाल्या. "आणि नाकात डावीकडे चमकी."

"एकनाथला विचारलं, तर तो म्हणाला, आवाज छान आहे. तेव्हा..." त्यांनी घसा साफ केला. "मुलगी पाहायची राहिलीच."

प्रभा उभी राहिली. उंच नव्हती, ठेंगणी नव्हती, आणि चमकी नव्हतीच. त्यांनी तिला नीट पाहिलं. पण तिनं रिवाजाप्रमाणे मान खाली घातली नाही. तीही त्यांना एकेक करून पाहत होती, शेवटी एकनाथला. मी कोपऱ्यात उगाचच खुर्ची सरळ करू लागलो.

"स्वयंपाक येतो?" बनाबाईंनी विचारलं.

"येतो. माझं ट्रेनिंगचं एक वर्ष राहिलंय. ते पुरं करता येईल का?"

वहिनीनं आतून खाकरून पाहिलं. उपयोग झाला नाही.

"ते लग्न झाल्यावर बघू," वेळापूरकर म्हणाले.

"लग्न झाल्यावर बघू म्हणजे नाहीच," प्रभा म्हणाली. आवाज कापत होता, पण वाक्य तिनं शेवटपर्यंत नेलं. "तसं असेल तर आत्ताच सांगा. तुम्हांला दुसरी मोटार मिळेल."

आता गेलं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात एकनाथनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ट्रेनिंग पुरं करायचं असं ठरलंय."

"कुठं ठरलंय?" वडील त्याच्याकडे वळले. "कधी?"

"आत्ता. मी ठरवलं."

वेळापूरकरांनी मुलाकडे असं पाहिलं, जणू त्याच्या दप्तरात चोपडं सापडलं होतं. मग ते बहिणीकडे पाहू लागले.

"माझ्याकडे काय बघतोस, दादा?" बनाबाई म्हणाल्या. "मंगळागौरीला माझ्या तोडीची गाणारी एक बाई गावात नाही. वर्षभर शिकेना का बापडी. पण सुट्टीत वेळापूरला यायचं."

"पसंत आहे म्हणायचं तर," वेळापूरकर सावकाश म्हणाले, "पसंत आहे."

"मलाही," प्रभा म्हणाली.

"अगं, तुला कुणी विचारलंय?"

"कुणीच नाही. म्हणून सांगितलं."

एकनाथ हसला. बनाबाईंनी आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि पिशवी पुन्हा कोपऱ्यात ठेवली. वेळापूरची शेवटची मोटार तोवर गेली होती. वहिनीनं रात्रीच्या जेवणासाठी पाहुण्यांपुरतं पीठ भिजवायला घेतलं.