इस्त्रीने ऐकलेली दहावी

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. हल्लीच्या इस्त्र्यांसारखी मी हलकी नाही आणि मला वाफही सोडता येत नाही. माझी मूठ काळी, बूड जड आणि वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी. कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ जणी एकामागे एक सरकत होत्या. त्या आता कुठे असतील, कोण जाणे. मला एका नवरा-बायकोने विकत घेतलं. एकाच खोलीत त्यांचं घर आणि तिथेच त्यांचं दुकान. त्यांची पोर त्यांना आई-बाबा म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. आई इस्त्री करायची. बाबा सायकलवरून कपडे गोळा करायचे आणि तयार घड्या घरोघरी पोचवायचे.

आईचा हात फार चांगला होता. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. गिऱ्हाईकं म्हणायची, "ताई, तुमच्या हातची घडी मोडवत नाही." त्यात अर्धं कौतुक माझं होतं, पण मी गप्प राहायचे.

त्यांना एकच मुलगी. तिला सगळे बबडी म्हणत. बबडी कधी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली नाही. इस्त्रीच्या टेबलाला स्टूल लावून ती आपला धडा आईला शिकवायची. आईचे डोळे कपड्यावर आणि कान बबडीकडे. काही पटलं नाही की आई मला टाचेवर उभं करून ठेवायची. "मला नाही बाई समजलं. पुन्हा सांग." मी उभी राहिले की बबडी ओळखायची, आपल्यालाच हे अजून नीट आलेलं नाही.

एकदा बबडी म्हणाली, "आई, इस्त्री तापली की आतून टक् वाजतं ना? आत दोन धातूंची एक पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. मग पट्टी वाकते आणि वीज तुटते."

"आणि गार झाल्यावर?"

"सरळ होते. पुन्हा वीज सुरू."

"म्हणजे माझ्यापेक्षा शहाणी आहे की! मी तापले की मला गार व्हायला दोन दिवस लागतात."

माझ्या पोटात काय आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

बबडी दहावीत गेली आणि त्याच वर्षी आई आजारी पडली. फार दिवस गेले नाहीत. आई गेली. त्याबद्दल मला जास्त सांगता येत नाही. दुसऱ्या कोणाच्या हाताची मला सवय नव्हती, एवढंच सांगते. बाबांनी मला उचललं तेव्हा त्यांनी मूठ फार घट्ट धरली होती. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून किती तरी कॉलरी करपवल्या. गिऱ्हाईकांनी त्या तशाच ठेवून घेतल्या. एक दिवस बाबांनी आईचा कामाचा एप्रन इस्त्री केला. तो कोणी मागितला नव्हता. त्यांनी घडी घातली, मग उलगडली आणि पुन्हा खुंटीला अडकवला.

मग बाबांच्या मनाने घेतलं की पोरीचं दहावीचं वर्ष आहे, घरात शांतता हवी. त्यांनी टेबल आणि मला बाहेर व्हरांड्यात हलवलं. रेडिओ बंद. गिऱ्हाईक आलं की बाबा ओठांवर बोट ठेवायचे. आत पाणी प्यायला गेले तरी चवड्यांवर चालायचे. खिडकीतून मला बबडी दिसायची. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. सकाळी जे पान उघडलेलं असे, तेच दुपारी. बाबांना ते दिसत नव्हतं. त्यांना वाटायचं, पोरगी अभ्यासात बुडाली आहे.

पूर्वपरीक्षेत बबडी दोन विषयांत नापास झाली. आत्या धावत आली.

"दादा, एक वर्ष थांबव तिला. आणि दहावीनंतर डिप्लोमा करायचं खूळ तिच्या डोक्यातून आधी काढ. डिप्लोमा नापासांचा असतो. अकरावी, बारावी, मग डिग्री. सरळ रस्ता."

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी मान हलवली. आत्या गेल्यावर बबडी दारात आली. "बाबा, मी यंदा परीक्षेला बसत नाही."

बाबा रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि एकाच बाहीवरून मला फिरवत राहिले.

दोन दिवसांनी व्हरांड्यातलं बटण जळालं. कपड्यांचा ढीग पडलेला. बाबांनी टेबल आत आणलं. "थोडाच वेळ, बबडे. आवाज नाही करत."

मी तापले. टक् वाजलं. बबडीने मान वळवली. जरा वेळाने ती पुस्तक घेऊन टेबलाजवळ आली आणि हळूच वाचायला लागली. मग पुस्तक मिटून बोलायला लागली.

"मला काही म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"नाही. म्हणजे, हो. आम्ल आणि आम्लारी."

"मग सांग की. कान रिकामेच आहेत."

ती सांगत गेली. बाबा प्रत्येक वाक्याला "हं, हं" करत होते. शेवटी ती चिडली. "बाबा, तुम्ही नुसते हं हं करता! आई अडवायची मला."

"मला वाटलं, आवाजाचा तुला त्रास होतो."

"मला शांततेचा त्रास होतो, बाबा."

बाबांनी मला उभं केलं. पण त्याआधी एक उशीची खोळ करपलीच. "मग नाही समजलं. आम्ल आणि आम्लारी मिसळून क्षार आणि पाणी झालं म्हणालीस. मग ते आम्ल गेलं कुठे?"

"थांबा हं," म्हणून बबडीने पुस्तक पुन्हा उघडलं.

मी परत व्हरांड्यात गेले नाही. एका दुपारी बाबांनी विचारलं, "त्या डिप्लोमा नि डिग्रीची काय भानगड आहे ती एकदा सांग."

"नापास झालं तर डिप्लोमाही मिळत नाही, बाबा. अकरावी-बारावी करून पदवीला जाता येतं, तिला डिग्री म्हणतात. डिप्लोमा म्हणजे पदविका. ती दहावीनंतर लगेच करता येते, तीन वर्षांची, आणि त्यात यंत्रं हाताळायला मिळतात. कुणाला एकच काम पक्कं शिकायचं असेल तर त्याचा छोटा कोर्स असतो, त्याचं प्रमाणपत्र मिळतं."

"आणि पदविका केली की पदवीचं दार बंद?"

"नाही. पुढे जाता येतं."

"मग तुला काय हवंय?"

"कापडाची पदविका. धागा, वीण, रंग. आईला बोट लावलं की कापड कळायचं. ते कशामुळे कळतं, ते मला शिकायचंय."

बाबांनी इस्त्री झालेल्या शर्टाची सगळी बटणं लावली. मग म्हणाले, "आत्याला मी सांगतो. पण मला हे पुन्हा एकदा सांग. तिच्यापुढे अडखळलो तर ती मलाच अकरावीला बसवेल."

आई गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा दोघं एकदम हसली.

बबडी परीक्षेला बसली आणि पास झाली. गणितात जेमतेम, विज्ञानात चांगली. कापडाच्या पदविकेला तिला जागा मिळाली.

आता बाबांकडे वाफेची इस्त्री आहे. मी फळीवर असते. कधी फडकं फिरवलं तर बरं वाटतं. पण मित्रांनो, माझं मागणं निराळंच आहे. तुमचा धडा घरात काम करणाऱ्या माणसाला सांगा. त्याला काय कळणार, असं म्हणू नका. आणि ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथे चवड्यांवर चालू नका. स्टूल ओढून बसा, आणि समजलं नाही तर पुन्हा विचारा.