पिस्ते सोलतानाचं भजन

आमच्या छत्रीबागेतल्या मिठाईच्या कारखान्यात पिस्ते सोलताना बायकांनी गायचंच, असा नियम आहे. कॅमेऱ्यात हात दिसतात, गालात काय दाबलंय ते थोडंच दिसतं? गाणाऱ्या तोंडाला मात्र खाता येत नाही. ही अक्कल माझी, कुमुदिनीची. सुपरवायझर आहे मी इथली, उगाच नाही.

तरी रोज संध्याकाळी पिस्ता कमी भरायचा. माझा संशय प्रेमलतावर. सगळ्यांचं भजन रंगात आलं की हिचा आवाज मध्येच गायब! मान खाली, पदर तोंडाला. मी तिच्या डब्यात पाहिलं, पिशवी झटकली, तिच्याशी गोड बोलणाऱ्या बायकांवरसुद्धा डोळा ठेवला. काही मिळेना, म्हणून तर संशय आणखी वाढला. चालू बाई, दुसरं काय! शेवटी आज सकाळी मालकांना, यशवर्धनभियांना, मीच नाव सांगितलं. ते म्हणाले, "आजही माल कमी भरला तर प्रेमलताजींना उद्यापासून सुट्टी."

तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घर तिच्याच पगारावर चालतं, हे मला ठाऊक होतं. पण चोरी ती चोरी.

आज दुपारी पुन्हा तिचा आवाज तुटला. मी धावत जाऊन तिचा पदर ओढला. "तोंड उघड!"

उघडलं. आत काहीच नव्हतं. बाई हसू दाबत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"माझ्याकडे काय बघता ताई," ती कुजबुजली, "जरा मागे बघा ना."

मागे भिजवलेल्या पिस्त्यांच्या परातीशी खुर्चीत अप्पासाहेब बसलेले. यशवर्धनभियांचे वडील. डॉक्टरांनी सुकामेवा बंद केलाय त्यांचा. रोज भजन ऐकायला येतात, उजवा हात जपमाळेच्या पिशवीत, म्हणजे गोमुखीत, ओठ हलत असतात. किती भक्ती, असं मीच सगळ्यांना सांगायचे! आज नीट पाहिलं. जपानं ओठ हलतात हो, जबडा कशाला हलेल? डावा हात हळूच परातीत गेला आणि गोमुखीत रिकामा झाला; मग कपाळाला लावायला उचललेली गोमुखी तोंडाशीच थांबली.

"अगं, आधी का नाही बोललीस?"

"मालकाच्या बापाचं नाव मी घेऊ? तुम्ही तरी घ्याल का?"

मला रागच आला तिचा. खरं बोलली म्हणून आला.

संध्याकाळी माल तोलला, तेव्हा अप्पासाहेब अजून परातीशीच होते. कमीच. यशवर्धनभिया म्हणाले, "प्रेमलताजी, तुमचा हिशेब करून घ्या." ती हात पुसायला लागली. खरं बोलावं, तर नोकरी माझीही होती.

"एक मिनिट भिया," मी म्हणाले. "अप्पासाहेब, रोज ऐकता, आज एक कडवं तुम्ही म्हणा ना."

अप्पासाहेब माझ्याकडे बघतच राहिले. गाल फुगलेला, ओठ घट्ट. यशवर्धनभियांनी वडिलांच्या गालाकडे पाहिलं, मग गोमुखीकडे. त्यांचा चेहरा लाल झाला.

"बाबा उद्यापासून घरीच जप करतील," ते म्हणाले. "प्रेमलताजी, तुम्ही वेळेवर या. आणि कुमुदिनीताई, इथे न गाणारं तोंड आता तुमचंच उरलं. उद्यापासून तुम्हीपण बायकांत बसून गा."

असा संताप आला म्हणून सांगू! पण बोलणार काय, नियम माझाच.

प्रेमलतानं सरकून शेजारी जागा केली. "सूर वरचा लावा हं ताई," ती म्हणाली. "तोंड मोठं उघडतं."