त्यांच्या कारकुनाची बायको

माझा नवरा शेजारच्या देशातल्या आपल्या वकिलातीत कारकून आहे. दोन्ही देशांचं बिनसलं तेव्हा सरकारने तिथल्या बायकापोरांना परत बोलावलं. मुलगी तेव्हा पोटात होती. आता ती भिंतीला धरून पावलं टाकते, आणि बाबा म्हणजे तिच्या लेखी फोनमधला एक आवाज.

तो लवकर परत यायचा एकच मार्ग होता, हकालपट्टी. वकिलातींचा व्यवहार सरळ असतो. एका देशाने सचिव काढला की दुसराही सचिव काढतो; ड्रायव्हरला ड्रायव्हर, कारकुनाला कारकून. म्हणून दूध तापवता तापवता मी बातम्यांना कान लावायचे. कुठे ठिणगी पडलीय का?

"लोक भांडण मिटावं म्हणून हात जोडतात," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सूनबाई पेटावं म्हणून!"

"मुलगा तुमचाच ना, आई?"

"म्हणून तर गप्प बसलेय."

लस टोचायच्या दवाखान्यात त्या देशाच्या इथल्या वकिलातीतल्या कारकुनाची बायको भेटायची. त्यांच्या सरकारने कुटुंबांना इथेच राहू दिलं होतं. तिचा मुलगा माझ्या मुलीच्या बरोबरीचा. आत बोलावलं की तिचा नवरा बाळ तिच्या हातात कोंबून दाराबाहेर पळायचा.

"सुई बघून हा बाळाच्या आधी रडतो," ती आमच्या भाषेत, मोडकंतोडकं बोलायची.

मी हसायचे. मग तो परत येऊन रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घ्यायचा, पाठीवरून हात फिरवत येरझाऱ्या घालायचा. मी त्या हाताकडे बघत राहायचे. माझी मुलगीही बघायची.

एके सकाळी बातमी आली. आपण त्यांच्या कारकुनाला काढलं होतं, हेरगिरीच्या आरोपावरून. सुईला घाबरणारा हेर! पण मला हसण्याचीही सवड नव्हती. मी नवऱ्याचे शर्ट उन्हात टाकले, पलंग खिडकीपासून सरकवून त्याच्यासाठी जागा केली. तिकडे वकिलातीत कारकून एकटा हाच. आता त्यालाच काढणार.

दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, "गेले हो ते. ती पोराच्या लसीचं कार्ड मागायला आली होती, डोळे सुजलेले." मी मान खाली घातली. मुलीला मात्र घट्ट धरलं.

संध्याकाळी फोन आला.

"कधी निघतोयस?"

"अगं, इथून कोणालाच काढणार नाहीत."

"असं कसं?"

"आम्ही उत्तर देणार नाही, असं इथल्या सरकारने जाहीर केलंय. मनाचा मोठेपणा म्हणे. आमचे साहेब एवढे खूश झाले, सगळ्यांना चहा पाजला."

"आणि तू?"

"मी काय, बॅग भरून बसलो होतो. चहा तिच्यावरच बसून प्यालो."

मग तो म्हणाला, "संबंध सुधारले तर तुम्हालाच इकडे येऊ देतील. वर्षभरात, कदाचित."

"आणि बिघडले तर?"

"तर मी लवकर येईन."

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली.

"बॅग रिकामी करू नकोस," मी म्हटलं.