डायमंडच्या यादीतला पहिला माणूस

मंडळी, तुमच्या ओळखीतही असा एक जण असेल, जो समोरून येताना दिसला की आपण बंद फोन कानाला लावून बोलू लागतो.

आमच्या या गृहस्थांना गल्लीत 'डायमंड' म्हणत. चौदा वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस. पाच महिन्यांपूर्वी साबण-शाम्पूच्या नेटवर्क कंपनीत शिरला आणि पहिल्याच सभेत, वर्षभरात डायमंड, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, जाणार, असं उभं राहून सांगून आला. अजून खालच्या ब्राँझवरच होता.

शनिवारी त्याची वहिनी आली, तेव्हा तो पलंगावर नुसता बसून होता. शेजारी दुकानाचा राजीनामा, सोमवारी द्यायचा.

"भाऊजी, जेवलात?"

"हो. बहुतेक."

"जाऊबाई, पाय जपून," बायको आतून म्हणाली. "पलंगाखाली शाम्पू, कपाटावर शाम्पू. यांचे केस तेवढे गेले!"

"एवढा माल कुणी घेतला?"

"मीच," तो म्हणाला. "महिन्याचा आकडा भरला नाही तर ब्राँझ जातं. मला कंपनीत आणणारे सर म्हणाले, उरलेला स्वतः उचला."

"म्हणजे कंपनीचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक तुम्हीच की! बाहेरच्यांपैकी किती जणांनी आपणहून दुसऱ्यांदा मागितलं?"

"दोघांनी. त्यात एक सासूबाई."

"आणि त्या दोघांसाठी नोकरी सोडून पूर्ण वेळ काय करणार?"

त्याने राजीनामा उचलून पुन्हा खाली ठेवला. मग बातमी वाचावी तसं म्हणाला, "काल दवाखान्यात गेलो होतो. मित्राचं ऑपरेशन झालंय. खरंच त्याला बघायलाच गेलो होतो, वहिनी. मला बघून म्हणाला, 'आज नको रे, टाके ओले आहेत.' मला काही वाटलंसुद्धा नाही. परत आलो."

"माल खपवायला ओळखीच्या शंभर नावांची यादी केली होतीत ना? त्यात तो कितवा?"

"पहिला."

वहिनी स्वतः शाळेत कारकून. नोकरी सांभाळून नऊ वर्षं याच कंपनीचा माल विकत होती. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी मला नेहमी माल घेणारी चार घरं मिळाली. चार! आज सव्वीस आहेत. त्यातून लेकीची फी निघते, घर चालत नाही. माझ्या हाताखाली एकही माणूस टिकला नाही. सभेत मला स्टेजवर बोलावत नाहीत ते उगाच नाही. माझा आकडा ऐकला तर खुर्च्या रिकाम्या होतील!"

तेवढ्यात सरांचा फोन आला.

"सर, या महिन्यात काही उचलणार नाही. ब्राँझ जाऊ दे."

"अहो, स्वप्न मोठं ठेवा!"

"ठेवलं होतं, सर. घरात जागा उरली नाही."

सोमवारी तो कामावर गेला आणि काचा घासत बसला. राजीनामा दिला नाही. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन दारातूनच म्हणाला, "विकायला काही आणलेलं नाही."

"मग बस की," मित्र म्हणाला.

बसल्यावर त्याला रडू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच!

मंडळी, हा धंदा जरूर करा, पण नोकरी धरून करा. वर्षभरात चार घरं मिळाली तरी चालेल, एवढं आधी मनाला सांगा. माल मागणारे परके किती ते मोजा, स्वतः उचललेला माल विक्रीत धरू नका. आणि आजारी मित्राचं नाव कुठल्याच यादीत लिहू नका.