बादलीएवढा बूट

रशियातल्या कुर्गानच्या हाडांच्या इस्पितळात सात नंबरच्या खोलीतल्या बायकांचा एक नियम होता. आपल्या पायावरच्या यंत्राचा नट आपण पिळायचा नाही, कारण स्वतःवर हात चालवताना माणूस कच खातो. म्हणून तैसियाचे नट गुलसीना पिळायची आणि गुलसीनाची चावी तैसिया फिरवायची.

तैसियाचा डावा पाय जन्मापासून साडेचार सेंटिमीटरने आखूड. थोरले डॉक्टर इग्नात साविच यांनी तिच्या पोटरीतलं हाड कापलं, भोवती पोलादी कड्या बसवल्या आणि त्या तारांनी हाडाला बांधल्या. दिवसातून चारदा नट पाव फेरा पिळायचा. मग दिवसाला एक मिलिमीटर फट पडायची आणि त्या फटीत नवं हाड धरायचं. गुलसीना धाकट्या डॉक्टरांची पेशंट. तिच्या पायाला बाजूने एकच दांडा, सकाळी एकदाच दीड मिलिमीटर. पाय पुरेसा लांबला की पुन्हा कापून आत धातूची पट्टी बसवायची. कुठली पद्धत चांगली, यावरून दोघा डॉक्टरांचं जमायचं नाही आणि बायकांना तेवढंच हवं असायचं.

“तुझ्या पायाला चहाचा समोवर बांधलाय गं, तास्या!” गुलसीना तैसियाला चिडवायची.

“बांधू दे. मला एकदाच चिरलंय. तुला परत चिरणार, वर कमरेतलं हाड काढून फटीत भरणार!”

तैसियाचा जीव मात्र बुटांच्या एका जोडात अडकला होता. तिचा बाप तिखोन अख्ख्या गावाला लोकर मळून बूट करून द्यायचा. त्या बुटांना डावा-उजवा नसतो, कुठलाही कुठल्याही पायात जातो. गावात डावा बूट होता तो फक्त तैसियाला, कारण त्याच्या तळाला बापाने जाड थर शिवलेला असायचा. यंदा तिने लिहिलं होतं, ‘बाबा, दोन्ही सारखे करा.’

पंचेचाळिसाव्या दिवशी इग्नात साविच म्हणाले, “बास. पाय सारखे झाले. आता नटांना हात लावायचा नाही.” आणि दोघे डॉक्टर भांडतच मॉस्कोच्या परिषदेला गेले.

पण खोलीचं स्वतःचं माप होतं. रोज संध्याकाळी तैसिया भिंतीला टेकून उभी राहायची आणि गुलसीना तिच्या डाव्या टाचेखाली डॉमिनोच्या खेळातली सोंगटी सरकवायची. त्या दिवशीही एक आरामात आत गेली.

“अगं बाई, एक सोंगटी कमी आहे!”

“गाडी गाठायच्या घाईत मोजलं असणार त्यांनी,” तैसिया म्हणाली. बाबा पुढच्या रविवारी सारखे बूट घेऊन येणार आणि आपण पुन्हा लंगडणार? “पीळ!”

गुलसीनाने दहा दिवस पिळलं. पोटरी ठणकायची, तैसिया उशी चावायची, पण टाचेखालची फट मिटत चालली. शनिवारी सोंगटी आत जाईचना. सगळी खोली नाचली. कड्या खळखळ वाजल्या, दांडे पलंगांवर आपटले, परिचारिका ओरडत आली आणि हसत परत गेली.

रविवारी तिखोन आला. पोतडीतून त्याने एक नेहमीचा बूट काढला आणि दुसरा काढला तो बादलीएवढा. कड्यांवरून जावा म्हणून! बायका हसून हसून लोळल्या. तैसियाने पायातली जाड रबरी चप्पल काढली, दोन्ही बूट चढवले आणि उभी राहिली.

आणि उजवीकडे कलली.

गुलसीनाने जमिनीवर पडलेल्या त्या एकुलत्या चपलेकडे पाहिलं. रोज माप घेताना ती उजव्या पायात असायची, म्हणजे डावा पाय तिच्या जाडीइतका जास्तच लांबला होता. फरशी गार होती ना!

तिखोनने खिशातून लोकरीचा जाड तुकडा काढला. वीस वर्षांची सवय, तुकडा खिशात असायचाच. वाकला आणि या वेळी तो उजव्या बुटात सरकवला. तैसियाला रडू फुटणार होतं, फुटलं हसू.

तेवढ्यात दोघे डॉक्टर स्टेशनवरून थेट आले.

“डोकी आहेत की कोबीचे गड्डे?” सगळं ऐकून इग्नात साविच कडाडले. मग बादलीएवढ्या बुटाकडे नजर गेली आणि त्यांचीही मिशी हलायला लागली. “उलटं पिळा. दिवसाला एक मिलिमीटर. आणि तुम्ही लिहून घ्या डॉक्टर, माझ्या कड्यांनी दिलेलं परत घेता येतं!”

“माझा दांडाही उलटा फिरतो,” धाकटे म्हणाले. “शिवाय माझ्या पेशंटने असला पराक्रम केला नाही, तेही लिहितो.”

“माझी चावी तास्याकडे होती म्हणून!” गुलसीना म्हणाली.

मार्चमध्ये कड्या निघाल्या. बाहेर अजून गुडघाभर बर्फ होतं. तिखोनने साधा नवा जोड आणला. तैसिया फाटकापर्यंत गेली, आली, पुन्हा गेली. बाकावर बसून बूट काढले, झटकले, परत चढवले.

“डावा टोचत नाही ना?” तिखोनने सवयीने विचारलं.

तैसियाने खाली पाहिलं. “बाबा, डावा कुठला?”

तिखोन वाकून बराच वेळ बघत राहिला. त्यालाही सांगता येईना.