कडी आतून लागली!

मी दाराची कडी बोलतेय. आज मला गप्प बसवतच नाही, म्हणून भराभर सगळं सांगून टाकते.

माझा जन्म नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. तिथून श्रीगोंद्याच्या दुकानात आणि मग काष्टीजवळच्या वस्तीवरच्या शाळेत आले. मुलींच्या शौचालयाला लागणार म्हटल्यावर मी केवढी खूश झाले! पण शाळेचा शिपाई सहादेव याने मला बसवलं ते दाराच्या बाहेरून. का, तर आत शेळ्या शिरतात! पोरींपेक्षा शेळ्यांची काळजी जास्त. दोन वर्षं मी तिथे ऊन खात लटकले.

मग सुचित्राबाई शाळेत शिक्षिका म्हणून आल्या आणि त्यांनी रोज तीनदा पाण्याची घंटा सुरू केली. घंटा झाली की बाटली तोंडाला लावायची. मुलगे घटाघटा प्यायचे, मुली नुसते ओठ ओले करायच्या. आधी सगळ्याजणी चौथीतल्या पंकजाकडे बघायच्या. ती कबड्डीत पटाईत; तिच्यासारखीच वेणी सगळ्यांना हवी. तिने टोपण लावलं की पहिलीतल्या चिमुरड्याही लावायच्या.

दुपारी कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला लघवीला जळजळ. पहिलीतली पूजा तर एकदा कळवळून रडली. तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या केशरबाई म्हणाल्या, "बाई, पंकी पानी पेत न्हाई, म्हनून कुनीच पेत न्हाई. तिलाच इचारा."

पंकजाने मान खाली घातली. "दाराला आतून कडी न्हाई. पोरं ढकलत्यात. म्हनून आमी घरी जाईपत्तुर जातच न्हाई."

"अगं, कडी हाय की!" सहादेव मला दाखवायला गेला आणि मधेच थांबला. त्याचा चेहरा पडला. खरं सांगते, मला त्याची दया आली. त्याच दुपारी त्याने माझे स्क्रू काढून मला आतून बसवलं.

पण दुसऱ्या दिवशीही घंटेला कुणी प्यायलं नाही! सगळ्या पंकजाकडेच बघत होत्या. ती उठली, शौचालयात आली, मला सरकवलं आणि आतून ओरडली, "पूजे, ढकल! समद्या मिळून ढकला!"

बाप रे! पंधरा पोरी दारावर आदळल्या. स्क्रू करकरले. मी आत्ता सुटले तर या पोरी पुन्हा माझ्यावर भरवसा ठेवणार नाहीत, एवढंच मला कळत होतं. सगळा जीव एकवटून मी धरून राहिले. आणि धरलं हो, धरलं मी!

पंकजा हसत बाहेर आली. "लई घट्ट हाय," म्हणाली आणि तिने अख्खी बाटली रिकामी केली. लगेच पूजाने तिची. मग तर सगळ्यांच्या बाटल्या वर!

आता दिवसभर माझी सरकासरकी चालू असते. एक स्क्रू सैल झालाय, थोडं तेल मिळालं तर बरं होईल. तुम्ही तुमच्या गावच्या शाळेत गेलात, तर मुलींना 'पाणी का पीत नाही' असं रागावण्याआधी ते दार एकदा आतून लावून बघा.

थांबते आता. बाहेर पूजा उड्या मारतेय, तिला घाईची लागलीय!