खलिफाचं नाव भरणारी सुई

मी एक सुई. बगदादच्या राजवाड्यामागच्या भरतकामाच्या कारखान्यात राहते, आणि हल्ली कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही.

आमच्याकडे एक नियम आहे. राजवाड्यातून सुई मागायला माणूस आला की द्यायची. कशाला, ते विचारायचं नाही. पोरगी रय्या इथे कामाला लागली तेव्हा तिच्या खालाने, म्हणजे मावशीने, उम्म सबीहने, टाका शिकवण्याआधी तिला हा नियम शिकवला.

जन्माने मी वासितच्या लोहाराची. जाड, लांब, जरीचा दोरा पेलणारी. मानाच्या अंगरख्यांच्या बाह्यांवर खलिफाचं नाव भरायचं आणि त्यापुढे ‘अल्लाह त्यांना दीर्घायुष्य देवो’, हे माझं काम. ते अंगरखे बुखारापासून मिसरपर्यंत सुभेदारांनी मिरवले. दंडावरचं नाव पाहून बाजारात लोक वाट सोडत. मलाही तेव्हा ताठा होता.

मग सत्ता फौजेच्या सरदारांकडे गेली आणि खलिफाकडे नुसतं नाव उरलं. खलिफा नकोसा झाला की सरदार त्याला मारत नाहीत. आंधळा माणूस गादीवर बसू शकत नाही, एवढं त्यांना पुरतं.

मागे एकदा राजवाड्याचा शिपाई मला घेऊन गेला. परत आले तेव्हा माझं टोक जळून काळं पडलं होतं. खालाने मला राखेने घासलं आणि पुन्हा उशीत टोचलं. ज्याचं नाव मी भरलं, त्याच्याच... पुढचं मला सांगवत नाही.

तो जुना खलिफा आता आंधळा होऊन दर जुम्म्याला मशिदीच्या पायरीवर हात पसरून बसतो. रय्याने त्याला पाहिलं. परत आली आणि मला उचलून कितीतरी वेळ बघत राहिली.

“खाला, हा डाग कसला?”

“गंज आहे.”

“गंज लाल असतो, खाला.”

“फार कळतं तुला. तुझ्या अक्षरांतला तो अलिफ बघ, उंटाच्या मानेसारखा वाकलाय. आधी तो उसव.”

आज सकाळी रय्या नव्या खलिफाच्या नावाची बाही भरत होती. ‘अल्लाह त्यांना’ इथवर आली, तोच शिपाई दारात उभा राहिला.

“ती जाड सुई द्या. मागे नेली होती, तीच.”

म्हातारे मुकादम अबू हफ्स मान खाली घालून म्हणाले, “दे गं पोरी.”

रय्याने मला कापडातून काढलं नाही.

“कशाला हवी?”

खालाच्या हातातलं रीळ गळून पडलं.

“फाटलंय काहीतरी,” शिपाई म्हणाला. “शिवायचंय.”

“मग इकडे आणा. मी शिवून देते. सुई बाहेर जाणार नाही.”

“रय्या, आपण चाकर माणसं,” खाला पुटपुटली. “आपण फक्त सुई देतो.”

“हो ना. ती कुठे टोचते ते आपल्याला दिसतच नाही. गादीला आंधळा चालत नाही, खाला. मग या कारखान्याला आपण कसे चालतो?”



राजवाड्याला दुसरी सुई मिळेल, हे मला ठाऊक आहे. तरी पोरी, तुझ्याकडे एकच मागणं आहे: माझा दोरा तोडू नकोस. ती दुआ अजून अर्धीच आहे.

शिपाई दारातच उभा होता. रय्याने पुढचा टाका घातला. खाला आणि अबू हफ्स तिच्या हाताकडे बघत राहिले.